पाळीखालची एकतीस घरं

५ मे
उद्या सरकारी इंजिनिअर बाई आपला बांध पाहायले येणार. मामंजींनी बांधलेला, आता कागदावर माझ्या अन् भाऊजींच्या नावानं. सकाळपासून गेटमन मनहरणसोबत पाळीवर, बांधाच्या मातीच्या भिंतीवर, होती. हे गेल्यावर नऊ वर्षं मीच पाहून राहिली. एक झाड रुजू दिलं नाही पाळीवर, मुळं माती फोडतात. येऊ दे बाईंले!

६ मे
वर्मा मॅडम. तिशीची पोट्टी, पण पाळ पूर्ण पायी पाहिली. पायथ्याशी बसून माती चोळली. कोरडी, झिरपा नाही. जास्तीचं पाणी जाणारा सांडवा अरुंद आहे म्हणाल्या. बाकी, "काकी, बहुत अच्छा रखा है आपने." बसमध्ये शहरात परत येताना हेच डोक्यात.
एक गोष्ट नवीन कळली. धोक्याचा वर्ग बांधाच्या मजबुतीवर ठरत नाही. फुटला तर खाली किती माणसं, त्यावर ठरतो.
चौबे कॉलनीत भाऊजींच्या घरी जाऊन त्यांले सांगितलं. म्हणाले, "वरचा वर्ग आला तर पाणी पूर्ण भरू देणार नाहीत. जास्त बोलू नका."

९ मे
मॅडमचा फोन. नकाशात नाल्याजवळ लांब शेड दिसते, गोदाम आहे का?
हो म्हटलं असतं तर खाली माणसं कमी धरली असती, तिथंच संपलं असतं. हो ओठावर आलंही होतं, खोटं काहून लिहू.
मग सांगितलं, "अंगणवाडी है, मॅडम. बाजू में नया पारा बसा है."

१० मे
त्या पाऱ्यात, नव्या वस्तीत, गेली. एकतीस घरं. दारोदार फिरून फोन नंबर वहीत लिहिले. अंगणवाडीची सेविका सुखवंतीन घाबरली. मले दाई म्हणते, म्हणजे आई. "दाई, बांध फूटही का?"
म्हटलं, नाही फुटणार. पण पोरं घेऊन पळायचं झालं तर कुठं, ते आजच ठरवू. दोघी शाळेच्या टेकाडापर्यंत चालून आलो. सात मिनिटं. पोरांसोबत जास्त लागतील.

१४ मे
भाऊजी चिडले. "वहिनी, तुम्हाले कोणी विचारलं होतं?"
"विचारलं होतं, भाऊजी. फोन करून."
चहा न घेता गेले.

२ जून
वर्ग आला, सर्वात वरचा. सध्या तात्पुरता. सांडवा रुंद होईपर्यंत पाणी तीन फूट खाली ठेवायचं.
गावात बैठक. शेतकरी मंगलू उभा झाला, "बांध बने हे, त पानी काबर छोड़बो?" बरोबरच आहे त्याचं. बांध चांगला, तरी पाणी काहून सोडायचं? माझी छत्तीसगढी मोडकी, तरी बोलली. पाणी कमी पडलं तर पहिला पाट आमचा बंद होईल, मग तुमचा. भाऊजींले न विचारता बोलून बसली. पण आवाज हलला नाही माझा. मामंजी असते तर...

२१ ऑगस्ट
पाणी ठरवलेल्या खुणेले लागलं. मनहरणनं गेट उघडलं. शेतकरी पाळीवर उभे. धानाले लागणारं पाणी नाल्यात जाताना पाहणं सोपं नाही. मलेही जड गेलं. तरी संध्याकाळपर्यंत पाणी खुणेच्या वर एक बोट गेलं नाही. नऊ वर्षांत इतकी ताठ मी या पाळीवर उभी राहिली नव्हती.
भाऊजी न सांगता आले. सांडवा रुंद करायच्या अर्जावर दोघांची सही लागते, तो कागद दोन महिन्यांपासून माझ्या पिशवीत. दिला.
भाऊजी पाळीवरून खाली पाऱ्याकडे पाहत होते. अंगणवाडी सुटत होती.
"किती पोरं आहेत?"
"बावीस."
कागदाची घडी केली, खिशात ठेवला, गाडीत बसले. सही करतो म्हणाले नाहीत. नाही करत, असंही नाही.