उजव्या बुटाचं टोक

प्रिय खांबा,

या नावाने तुला हाक मारणारं आता कोणी उरलं असेल असं वाटत नाही. टँगोच्या हॉलमध्ये तू कायम दाराजवळच्या खांबाला टेकून उभा असायचास म्हणून ते मी ठेवलं, आणि तू चिडून माझ्या धंद्यावरून मला 'टाच' केलंस. टँगोच्या ई-मेल लिस्टवरसुद्धा आपण याच नावांनी लिहायचो. पाकिटावर तुझं खरं नाव लिहिताना मला दोनदा थांबावं लागलं. पत्ता तुझ्या पुतणीने दिला. का दिला ते पुढे येईलच. मला सगळं पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर नेहमीसारखी मी मधूनच पळ काढीन.

दुकान तिथेच आहे. पाटी बदलली, रस्ता उंच झाला, त्यामुळे आता दोन पायऱ्या उतरून आत यावं लागतं. लोक बूट दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. तरी नाचणारे अजून येतात, कारण नाचाच्या बुटाला मऊ चामड्याचा सोल हवा असतो आणि तो बसवून देणारं दुसरं कोणी नाही. माझी नजर पार गेली आहे. सुईत दोरा ओवायला शेजारच्या शिवणकामवालीला बोलावते. ती दोरा ओवून देते आणि वर दहा मिनिटं उपदेश करते. तोही मी निमूटपणे ऐकते, हे वाचून तुला हसू येईल.

परवा साफसफाई करताना तो जुना मॉडेम सापडला. आठवतं, त्याचं ते केकाटणं? तुझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममधून तू लिस्ट चालवायचास, आणि जगातल्या कुठल्या कुठल्या गावांतले टँगोवेडे त्यात लिहायचे. मिठी किती घट्ट असावी यावर तीन तीन आठवडे भांडणं. कोणी प्रवासाला निघालं की विचारायचं, अमुक शहरात रविवारी कुठे नाच असतो, आणि अनोळखी माणूस लगेच पत्ता कळवायचा, स्टेशनवर घ्यायलाही यायचा. मी दिवसभर चामड्यात आरी चालवणारी बाई. संध्याकाळी दुकान बंद करून त्या हिरव्या अक्षरांपुढे बसले की मला वाटायचं, आपलंही कोणीतरी ऐकतंय. माझ्या थट्टेच्या पत्रांना लोक दाद द्यायचे. ती दाद माझ्या डोक्यात गेली, हे खरं आहे.

तुझ्या दादाला नाचायला तूच आणलंस. वहिनी गेल्यावर तो नुसता आपल्या चष्म्यांच्या दुकानात काचा घासत बसायचा आणि घरी येऊन भिंतीकडे बघायचा. त्याची मुलगी शाळेत, तू कॉलेजात शिकवायला. तुला त्यानेच वाढवलेलं, म्हणून तू त्याचा हात धरून त्याला रविवारच्या दुपारी हॉलमध्ये घेऊन आलास. चांगला नाचायला लागला होता तो. तीन महिन्यांत त्याची पावलं तुझ्यापेक्षा नीट पडायला लागली, आणि तू त्याचं कौतुक सगळ्या हॉलभर सांगत फिरायचास. मला मात्र तो नकोसा झाला होता. आज पहिल्यांदा लिहिते आहे हे. पाच वाजले की तू त्याच्याबरोबर घरी जायचास. मी बूट बदलत बाकावर बसलेली असायची आणि तू लांबूनच हात हलवायचास. आपण दोघांनी एक घर करायचं ठरवलं होतं, पण दादा सावरला की, असं तू म्हणायचास. तो सावरत होता आणि तरीही तू जात होतास.

मग त्याचं नाचणं बिघडायला लागलं. तुझ्या लक्षात आलं नाही. रोज घरात दिसणाऱ्या माणसाचं काही लक्षात येत नाही. तो मधेच थांबायचा, मागून येणारी जोडी त्याच्यावर आदळायची. त्याच्या डाव्या हातात माझा हात असताना मला त्यात बारीक थरथर जाणवायची. आणि तो बघायचा. आपल्याकडे नाचायला तोंडाने विचारायचं नाही हा नियम. पुरुषाने लांबून बघायचं, बाईला हवं असेल तर तिने नजर धरून ठेवायची, मग दोघांनी किंचित मान हलवायची. नको असेल तर तिने दुसरीकडे बघायचं. कोणाचा अपमान नाही, कोणाला नकार ऐकावा लागत नाही. नवीन माणसाला आपण हे किती अभिमानाने समजावून सांगायचो! दादा बघायचा तेव्हा त्याची पापणी हलायची नाही, चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. बायकांना ते विचित्र वाटायला लागलं होतं, आपसात कुजबुज सुरू झाली होती.

तेव्हाच तू त्याचे बूट माझ्याकडे सोल बदलायला घेऊन आलास. काउंटरवर ठेवलेस, मला चिडवलंस, आणि तास घ्यायला पळालास. मी ते उलटे केले. डाव्या बुटाचा सोल सगळीकडून सारखा झिजलेला होता. उजव्याचं टोक मात्र खाऊन टाकल्यासारखं होतं, आतला पुठ्ठा दिसत होता. पाय उचलत नव्हता तो, ओढत होता. मी नवा सोल बसवला, टोकाला जास्तीचं चामडं लावलं, आणि त्याच आठवड्यात लिस्टवर ते पत्र लिहिलं.

ते तुला पाठ असेल, मलाही आहे. 'आमच्या हॉलमधले एक गृहस्थ' अशी त्याची सुरुवात होती. ते कसे मांजरासारखे टक लावून बघतात, मधेच पुतळा होतात, जोडीदारिणीचा हात चाळणीसारखा हलवतात. आणि शेवटी, उजवा पाय असा फरफटवतात की बुटाच्या टोकाखालून पुठ्ठा डोकावतो. खाली सही नव्हती. निनावी पत्र लिस्टच्या चालकाकडे, म्हणजे तुझ्याकडे, पाठवायचं आणि त्याने लिहिणाऱ्याचं नाव कधीही सांगायचं नाही, हा नियम तूच केला होतास. तू वाचलंस, तुला दादा ओळखू आला नाही, आणि मला उलट लिहिलंस की हसून हसून पोट दुखलं. मग ते सगळ्यांना गेलं.

त्यानंतरचे नऊ रविवार. मी मोजले आहेत. पत्रात कोणाचं नाव नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या रविवारी दोघी नाचल्या त्याच्याबरोबर, दुसऱ्या रविवारी एक. तिसऱ्यापासून कोणीच नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीखालच्या खुर्चीत बसायचा, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकेकीकडे बघायचा, आणि एकेक मान वळायची. कोणी त्याला नाही म्हटलं नाही. आपला नियमच तसा सोयीचा होता. माझ्याकडेही तो बघायचा. मी बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधायची. तू खांबाला टेकून हे बघत होतास आणि दादा दमलाय असं म्हणत होतास.

नवव्या रविवारी कुणीतरी ते पत्र छापून हॉलच्या फळ्यावर टाचलं, गंमत म्हणून. फळा बाकाच्या बरोबर वर. दादा बूट बदलायला बसला, चष्मा पुसला आणि वाचत राहिला. मी चार हातांवर होते. नजर, थरथर, थांबणं, हे सगळं हॉलमधल्या कोणालाही दिसण्यासारखं होतं. पण बुटाचा तळ कोणाला दिसत नाही. तो फक्त त्यानेच पाहिला असणार ज्याने बूट हातात धरून दुरुस्तीला नेले. दुरुस्त करणारीचा विचार कोण करतो! त्याने बूट पिशवीत घातले, तुझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि इतकंच विचारलं की हे तुझ्या मशीनमधून गेलं का. तू हो म्हणालास. त्याच्या लेखी लिहिणारा तूच ठरलास, आणि तेवढ्यावर सगळं संपलं. तू माझं नाव घेतलं असतंस तर तो थांबला असता. तू घेतलं नाहीस. महिन्याभरात तू दुसऱ्या शहरात नोकरी धरलीस, लिस्ट बंद केलीस, आणि मला एका ओळीची चिठ्ठीही लिहिली नाहीस. दीड वर्षाने डॉक्टरांनी दादाला कंपवात आहे असं सांगितलं. ते मला गिऱ्हाइकांकडून कळलं. तुला कोणी कळवलं की नाही, हेही मला माहीत नाही.

तेवीस वर्षं मी मनाशी म्हणत आले की थट्टाच होती ती, आजार आहे हे कोणाला ठाऊक होतं. तूही तसंच समजत असशील. तर आता ते लिहिते जे तुला माहीत नाही. मला ठाऊक होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण ते टोक मी ओळखलं होतं. माझ्या वडिलांनी मला हा धंदा शिकवला. त्यांच्याच उजव्या चपलेचं टोक तसं झिजायला लागलं होतं आणि चार वर्षांनी ते खुर्चीतून उठत नव्हते. त्यांचं जेवण मी भरवलं आहे. दादाचा बूट हातात घेतला त्या क्षणी मला वडिलांची चप्पल दिसली होती. धावत तुझ्या कॉलेजवर यायला हवं होतं मी. पण दादा आजारी आहे म्हटल्यावर तू जन्मभर त्याचाच झाला असतास. म्हणून मी तुला काही बोलले नाही. तो हॉलमधून जावा, निदान रविवार तरी माझा व्हावा, म्हणून ते पत्र लिहिलं. लोक हसले. मीही हसले.

गेल्या महिन्यात एक बाई दोन पायऱ्या उतरून आली आणि काउंटरवर एक खोकं ठेवलं. हनुवटीवरून ओळखलं, तुझी पुतणी. तिने मला ओळखलं नाही. आतल्या तळपट्टीवर दुकानाचा शिक्का पाहून आली होती. दादा आता शुश्रूषागृहात असतो. तिथे गुरुवारी दुपारी एक शिक्षिका या आजाराच्या माणसांना टँगोच्या ठेक्यावर चालवते. जमिनीला चिकटलेले पाय त्या ठेक्याने सुटतात म्हणे. दादाने आपले जुने बूट मागितले, तर चामडं वाळून तडकलेलं. मी खोकं उघडलं. मी लावलेलं जास्तीचं चामडं टोकाला जसंच्या तसं होतं. नवव्या रविवारनंतर ते बूट त्याच्या पायात गेलेच नव्हते.

बूट तयार करून मी स्वतः घेऊन गेले. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत पाण्याचा जग, पलंगाला कठडे. त्याला सगळं समजतं. आवाज मात्र जवळजवळ गेला आहे. मी बूट त्याच्या पायात चढवले आणि गुडघ्यावर बसल्या बसल्याच सगळं सांगितलं, वर तुला लिहिलं तसंच, वडिलांच्या चपलेसकट. तो माझ्याकडे बघत राहिला, तसाच, पापणी न हलवता. मला वाटलं ऐकलंच नाही. मग फार वेळाने त्याने एकच शब्द काढला. घरात तुला ज्या नावाने हाक मारायचा तो. धाकट्या. मी म्हटलं की धाकट्याने काही केलं नाही, मी केलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चेहरा मात्र लाकडासारखा तसाच राहिला. खांबा, इतकं भयंकर मी काही पाहिलेलं नाही.

तुझी पुतणी दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पुन्हा या दारात दिसू नका असं सांगितलं, आणि ते योग्यच आहे. जिना उतरत होते तर ती मागून आली आणि तुझा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात कोंबला. तिने स्वतः तुला लिहायचं का टाळलं ते मला समजतं. तिलाही तेवीस वर्षं तूच दोषी वाटत होतास.

हे पत्र माफीसाठी नाही. ती मागायची माझी लायकी नाही, आणि तू देऊ नयेस. दादाला आता गिळता येत नाही. छातीत दोनदा कफ साचला, तिसऱ्यांदा साचला तर डॉक्टर काही आशा दाखवत नाहीत. भेटायची वेळ रोज तीन ते पाच, दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. मला तिथे बंदी आहे, तुला नाही. तू ये. पण एक गोष्ट लक्षात ठेव, कारण याच गोष्टीत आम्ही सगळ्यांनी त्याला मारलं. तू दारात उभा राहशील तेव्हा तो टक लावून तुझ्याकडे बघेल. चेहऱ्यावर राग दिसणार नाही, ओळखही दिसणार नाही, काहीच दिसणार नाही. तो तुला नको म्हणतोय असं वाटून मागे फिरू नकोस. नजर खाली घालू नकोस, दुसरीकडे वळवू नकोस. त्याला आता मान हलवता येत नाही. त्याच्या नजरेला नजर दे, आणि मान तू हलव.

तुझीच,
टाच