सतरा नंबरचं रक्त

४ जून

ती. ताईस,
बारकीचा सा. न.

न जेवणाऱ्या मुलींच्या या वॉर्डात पहिले सहा आठवडे फोन मिळत नाही, म्हणून हे पत्र. जेवण झालं की तासभर सगळ्या मुलींना एका खोलीत बसवतात आणि बाथरूमला कुलूप लावतात. नर्सबाई विणत बसतात, पण टाक्यांपेक्षा आमच्याकडेच जास्त लक्ष. खिडकी उघडते, चार बोटं.

तुमच्या प्रयोगशाळेच्या संशोधनासाठी दर सोमवारी रक्त घेतात. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. सख्खी बहीण म्हणून माझा नंबर तुला कळू द्यायचा नाही म्हणे. आई म्हणाली, ताईच्याच संशोधनात जातेस, म्हणजे घरीच आहेस. म्हणजे घरच्यासारखी इथेही ताटावर नजर! घाबरवायचंच होतं तर नीट घाबरवायचं.

एक गंमत सांगते. वजन करायच्या आधी मी पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पिते. काटा खूश, डॉक्टर खूश. कुणाला बोललीस तर जन्मात पत्र लिहिणार नाही.

लोभ घट्ट धरून ठेव.
तुझी बारकी

१० जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. खोटं कशाला बोलू, मी हसले. लहानपणी दुधाचा पेला कुंडीत ओतायचीस, तशीच ही म्हटलं, आणि पत्र पर्समध्ये टाकलं.

सोमवारी नळ्या आल्या. सतरा नंबरच्या रक्तातलं मीठ तीन आठवडे थोडं थोडं उतरत होतं. संशोधन चालवणाऱ्या आमच्या सरांना वाटलं, या आजाराचं नवं कारणच हाती लागलं. तक्ता मीच काढून दिला होता. या वेळी आकडा धोक्याच्या रेषेखाली गेला आणि मला तुझं पाणी आठवलं; फार पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ असंच उतरतं. सतरा म्हणजे कोण, हे विचारायची मला परवानगी नाही. मी विचारलं नाही. वॉर्डला फोन करून फक्त तुझं नाव आणि पाणी, एवढंच सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी फोन न ठेवताच नर्सला तुझ्याकडे धाडलं, त्यातच कळलं सतरा म्हणजे तू.

दोन दिवस पत्र पर्समध्ये ठेवलं, ते मला छळतंय. नंबरामागचं नाव मला कळलं, म्हणून सरांनी मला या कामातून बाजूला केलंय. आई रोज विचारते, बारकी जेवली का. काय सांगू ते तूच लिही.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.
तुझी ताई

२३ जून

ती. ताईस,
नमस्कार या वेळी नाही.

आता माझी खाट नर्सबाईंच्या टेबलासमोर आहे. पाणी मोजून मिळतं. बाथरूमचं दार उघडं, त्या पाठमोऱ्या उभ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक सोमवार गेला असता तर झटके आले असते. मला ते खरंही वाटत नाही आणि खोटंही.

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग लिहायचं कुणाला? आई रडेल. शेजारच्या खाटेवरची मुलगी माझ्याकडूनच असल्या युक्त्या शिकायला टपलेली. आणि माझ्या डोक्यात जी दिवसभर बडबडते, तिच्याशी बोलले तर ती जेवूच देत नाही.

शुक्रवारी अर्धा पाव खाल्ला. उरलेला अर्धा कुठे आहे ते तुला सांगावं की नाही, यात तीन दिवस गेले.

उशीच्या अभ्र्यात आहे. कर वॉर्डला फोन.

लोभ आहे. असू दे.
बारकी