टाचेजवळची अंडी

रविवार, संध्याकाळ. कसबा बावडा.

बायकोला, सुमनला, घेऊन कोकणातल्या राखीव किनाऱ्यावर पक्षी बघून आलो. मन अजून तिथंच अडकलंय.

चिखल्या पक्ष्याची मादी वाळूत पंख ओढत पळाली. पंख मोडलाय असं वाटून मी टॉवेल घेऊन मागं धावलो. तिथल्या राखणदार बाई ओरडल्या, "थांबा! सोंग आहे ते. अंड्यांपासून लांब नेतेय तुम्हाला!"

वळून पाहिलं. माझ्या टाचेच्या ठशापासून वीतभरावर तीन अंडी होती. वीतभरच! पायाखाली का बघितलं नाही मी?

सुमन म्हणाली, "मदतीची लई घाई असती की तुम्हाला."

मग लांब बसून दुर्बिणीतून बघत राहिलो. अर्ध्या तासानं मादी येऊन अंड्यांवर बसली. माझ्या तोंडून "माफ कर बाई" निघालं. एरवी चेष्टा करणारी सुमन या वेळी हसली नाही.