अकरा हात आणि वाघमारे बाई

१८ जाने. २००४, खडकी
सोसायटीची सभा. बिस्किटं मऊ, चर्चा कडक. 'ऐनवेळचे विषय' आले आणि अध्यक्ष पाटणकरांनी पिल्लू सोडलं: अविवाहित भाडेकरू नकोत. रोख सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या वाघमारे बाईंवर. त्यांच्याकडे यवतमाळच्या दोन मुली राहतात, कॉल सेंटरवाल्या. पहाटे सोडायला येणारी जीप फाटकाशी हॉर्न वाजवते, माझी झोप मोडते. मीही हात वर केला. अकरा विरुद्ध एक. महिनाअखेर मुली बाहेर. ठराव मीच लिहिला, सेक्रेटरी ना. अक्षर छान आलं.

१९ जाने.
जिन्यात बाईंनी गाठलं. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय, सुटका नाही.
"अकरा हात वर झाले, ही लोकशाही. मान्य. पण आपला देश प्रजासत्ताकही आहे. ते कशासाठी?"
म्हटलं, राजा नाही म्हणून.
"अर्धा मार्क. अहो, अकरा जणांनाही राजा होता येत नाही. त्यांच्यावरही नियम असतो. सोसायटीचे उपविधी वाचलेत?"
छापून मीच आणलेत. वाचतंय कोण!

२१ जाने.
वाचले. मेलो. चौदा दिवस आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय असा विषय घेताच येत नाही. ठराव बाद, चूक सेक्रेटरीची. घरी ही म्हणाली, "फॅक्टरीत जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता स्वतःची काढा." लाज वाटली.
पाटणकर: "कशाला उकरता? बहुमत आहे ना?"
आहे हो. पण बाई एकट्या आहेत.

२६ जाने.
झेंडावंदन. मुली रात्रपाळी करून थेट आल्या, जांभया देत. मोठी म्हणाली, "काका, ड्रायव्हरले सांगून देलं जी. हॉर्न नाही वाजणार, फाटक आम्हीच उघडू." संपला प्रश्न. आधी तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

२८ जाने.
जुना ठराव रद्द. पाटणकर हटून बसलेत, म्हणून नवी नोटीस लावली, रीतसर, विषय क्र. १. बाईंना विचारलं, आता नियमानं अकरा हात आले तर?
"तर मुली जातील. नियमानं तुम्हाला विचार करायला चौदा दिवस दिलेत, त्याहून जास्त तो काय देणार?"
दहाच येतील, म्हटलं. बाई हसल्या. बरं वाटलं.
पण दहाही पुरतात. संध्याकाळी वरच्या साठ्यांकडे गेलो, त्या अकरातला एक हात त्यांचा. त्यांची लेक बंगलोरला नोकरीला, भाड्याच्या खोलीत एकटी. विचारलं, तिची सोसायटी कशी आहे हो?
साठ्यांनी खुर्ची पुढे सरकवली. चहाही आला.