शेवटच्या शेरातलं नाव

जयपूर, ९ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

आम्ही दोघं बरी आहोत. यांचं नवं ऑफिस चांगलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? नाना मफलर वापरतात ना?

मन कशात तरी गुंतव, असं तू लिहिलंस. म्हणून खालच्या मजल्यावरच्या मास्टरजींकडे गझल शिकते आहे. त्यात प्रत्येक शेर आपल्यापुरता असतो, शेजारच्याशी त्याचा संबंध नसतो. आमच्या घरातही सध्या तसंच आहे. हे पुढच्या खोलीत, मी मागच्या.

शेवटच्या शेरात आपलं नाव घालायचं, अभंगात घालतात तसं. माझं काही केल्या लयीत बसेना. माझ्या लेकीचं, आपल्या शुभदाचं, बसलं. चैत्रात तिला जाऊन वर्ष होईल. नानांना हे वाचून दाखवू नकोस.

बदलीच्या या गावात ती कुणालाच माहीत नाही. मास्टरजींना वाटलं, हे मी घेतलेलं टोपणनाव. मीही ते तसंच राहू दिलं. आता ते रोज जिन्याखालून हाक मारतात, "शुभदाजी!"

हे ऐकतात आणि दार लावून घेतात. ओ मी देते, आई. दुसरं कोण देणार?

तुझी,
विभा