बिनपैशाचं मशीन

आई,

तू गेल्यापासून कितीतरी गोष्टी तुला मनातल्या मनात सांगत आले, ही मात्र मनात मावेना, म्हणून लिहायला बसले आहे. इथे जपानमध्ये त्सुकुबाला तुझ्या जावयाच्या संशोधन संस्थेजवळ आम्ही राहतो, आणि मी सायकलने म्हाताऱ्यांच्या एका डे-केअरमध्ये अर्धवेळ कामाला जाते. देणग्यांवर चालणारी, नफा न कमावणारी संस्था आहे. आंघोळ घालायची, भरवायचं, हातपाय हलवून घ्यायचे. यंदा तिथे स्लॉट मशीन आणायचं चाललं होतं, बंद पडलेल्या एका जुगाराच्या दुकानातलं. खेळायचं प्लास्टिकच्या चकत्यांवर. जिंकलं तर टाळ्या, बाकी काही नाही.

मशीनचं नाव निघालं आणि मी तिसरीत असतानाची ती संध्याकाळ आठवली. बाबा घरी आलेले नाहीत. तू गॅस बंद करतेस, माझा हात धरून एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरकडे निघतेस. बाबा आत तसल्याच, पैसे लावायच्या मशीनसमोर स्टुलावर बसलेत. तू आत जात नाहीस, त्यांना हाक मारत नाहीस, नुसती दारात उभी राहतेस. मला ते लुकलुकणारे दिवे आवडले, मी हसले, तसा तू माझा दंड घट्ट धरलास. "हसतेस काय? तुझा बाप आहे तो." बाबांनी वळून पाहिलंच नाही. शेवटी आपण दोघीच परत आलो, आणि तू सकाळचा भात फोडणीला टाकलास. पुढे तुझ्या बांगड्या गेल्या, मग शिवणाचं मशीनही गेलं.

डे-केअरच्या मीटिंगमध्ये संचालक म्हणाले, "पैसेच नाहीत, मग जुगार कसला?" एका विश्वस्त बाईंनी विचारलं, "नियमात बसतं म्हणून लोकांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेने हे ठेवावं का?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांसमोर अख्खं पार्लर उभं होतं, पण माझं जपानी म्हाताऱ्यांची पाठ चोळताना बोलण्यापुरतं. "मला हे बरं वाटत नाही," एवढंच बोलले. सगळ्यांनी नम्रपणे माना हलवल्या, आणि मशीन आलं.

आमच्याकडे अर्धांगवायू झालेले एक आजोबा आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी स्लॉटच्या दुकानांत घालवली. त्यांची बायको रोज सोबत येते. त्यांच्या उजव्या हातात आम्ही चेंडू देऊन पाहिला, दोरी देऊन पाहिली, बोट हललं नाही. मशीनपुढे बसवल्यावर तोच हात थरथरत वर गेला आणि त्यांनी बटण दाबलं. फिजिओथेरपिस्ट मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "तुम्हाला नको असेल तर बंद करायला सांगू का?"

"नको. हात हलतोय ना, हलू दे." मग म्हणाल्या, "पोरांना उचलून घ्यायला कधी हलला नाही हा."

बंद करा म्हटलं तर तो हात पुन्हा मांडीवर पडून राहणार. चालू दे म्हटलं तर त्या बाईने जन्मभर जे सोसलं, ते आता डे-केअरमध्ये बसून बघायचं. संस्थेला विचारलं तर संस्था म्हणते, आजोबा बरे होतायत. ते खरंच आहे. तुला विचारावं म्हटलं, पण तू काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक नाही. तू त्या दारातून बाबांना कधी काही बोललीच नाहीस.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. दर बुधवारी चकत्या द्यायला आजोबांशेजारी मलाच बसवतात. परवा त्यांची तीन सारखी चित्रं एका ओळीत आली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या हा कामाचा भाग आहे, असं मी घरी सांगितलं. पण आई, त्या मनापासून होत्या.