शेंदरातल्या पालीविषयी नानांस

मंगळवार, दि. १३ जानेवारी २०२६, दुपारचे अडीच
पुंडलिकनगर

तीर्थरूप नाना, ऋतुराजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

लिहायला बसण्याआधी मी साबणाने चौथ्यांदा हात धुतले आहेत. कारण पुढे येईल. तुमचा गुडघा कसा आहे? मालनकाकूंचा खोकला बसला का? गव्हाला पाणी झालं का? इकडे मी बरा आहे (म्हणजे कालपर्यंत होतो). फोनच केला असता, पण तुमचा फोन काकू उचलतात आणि स्पीकरवर टाकतात, आणि हा विषय अख्ख्या अंगणाने ऐकण्यासारखा नाही. म्हणून हे पत्र देवगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे.

बांधावरच्या म्हसोबाची वर्षानुवर्षं चढलेल्या शेंदराची खोळ गळून पडली आणि ती अमावास्येच्या आत पैठणला गंगेत सोडायला तुम्ही माझ्या हवाली केली. रविवारी अमावास्या आहे. जुनी खोळ पाण्यात गेल्याशिवाय देवाला नवा शेंदूर चढत नाही आणि तुम्ही सगळ्या भावकीला जेवायला सांगून ठेवलं आहे, हे मी विसरलेलो नाही. नाना, खोळ अजून गंगेत गेलेली नाही. (पत्र फाडू नका. पुढे वाचा.)

झालं असं की, काल पैठणला जाण्याआधी नारळ आणि हार घ्यायला मी खोळ मांडीवर घेऊन रिक्षाने शहागंजला गेलो. एका खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की लाल फडकं सुटलं आणि खोळीचा एक टवका माझ्या चपलेजवळ पडला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “क्या मियाँ, मैसूरपाक गिरा क्या?” मी टवका उचलला, आणि तो निघाला तिथे आतल्या बाजूला मला एक इवलासा हात दिसला. पाच बोटं, त्यामागे कण्याचे बारीक मणी, शेवटी वळलेली शेपटी. सगळं जिथल्या तिथे, शेंदरात बसवल्यासारखं.

आता मला जे वाटलं ते का वाटलं, हे समजून घ्या. आमच्या टायपिंगच्या दुकानात गेले दोन आठवडे मी दीपमाला मॅडमची पुस्तिका टाइप करतो आहे. त्या कॉलेजात भूशास्त्र शिकवतात आणि फेब्रुवारीत त्यांचं प्रदर्शन आहे. (मी बारावीला अडकलो, पण सरीसृप हा शब्द आता झोपेतही बरोबर लिहीन.) पुस्तिकेत आहे की पंचवीस कोटी वर्षांपूर्वी दूर उत्तरेत ज्वालामुखी फुटले, हवा आणि समुद्र नासले, आणि समुद्रातल्या दहा जातींपैकी जवळजवळ नऊ संपल्या. जमिनीवरही बहुतेक मोठे प्राणी गेले. मग त्या ओसाड पृथ्वीवर सरड्याएवढे काही जीव, जे कुठेतरी बिळात तग धरून राहिले असावेत, ते हळूहळू पसरले. त्यांच्यातले काही पाण्यात शिरले, काहींच्या वंशात पुढे मगरी झाल्या, डायनासोर झाले. हे कशावरून, तर हाडांवरून. आणि असली जुनी हाडं आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात, पार सिरोंचाच्या पुढे, लाल मातीच्या थरांत सापडतात. लाल थर, नाना! माझ्या मांडीवर दुसरं काय होतं?

मी नारळ न घेता रिक्षा कॉलेजकडे वळवली. मॅडमनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “गाव कोणतं तुमचं?”

“देवगाव रंगारी.”

“मग तिथं नाय सापडायचं. तुमच्या खाली सगळा काळा दगड आहे, लाव्ह्याचा. तो या प्राण्यांच्या कितीतरी नंतरचा. आणि याची बोटं बघा, टोकाला चपटी. ही पाल आहे.”

“पण लई जुनी असंल ना?”

“पालच आहे हो. घरातली.” आणि त्या हसल्या. पण भिंग खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, मेलेला जीव उघड्यावर पडला तर मुंग्या खातात, काही उरत नाही. तो लगेच गाडला जावा लागतो. शेंदरात शिसं असतं, ते विषारी, म्हणून हिला किड्यांनी शिवलं नाही. (तेव्हापासून मी हात धुतो आहे. त्याच हाताने मी आदल्या रात्री भाकरी खाल्ली होती. जीभ जड वाटते, पण मॅडम म्हणतात तेवढ्याने काही होत नाही.)

मग आम्ही दोघांनी खोळीची कड पाहिली. नाना, ती कड तुम्ही बघायला हवी होती! एकावर एक पापुद्रे, कुठे गडद, कुठे फिके, मधेच धुळीची रेघ, म्हणजे दुष्काळ असावा. सगळ्यात नवा थर बाहेर, जुना आत. मॅडमनी विचारलं, वय कसं सांगणार? तेवढ्यात मला पालीच्या लगेच वरच्या थरात सोनेरी बेगड चमकताना दिसली. बेगड म्हसोबाला एकदाच लागली, तुमच्या लग्नात. काकू नेहमी सांगतात की वाजंत्री दारात आली तरी नवरदेव बांधावर घाईघाईने शेंदूर थापत होते आणि खाली काय आहे ते बघत नव्हते. मी हे सांगितल्यावर मॅडम खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, “म्हणजे या पालीपुरता महाविनाश तुमच्या चुलत्यांनी केला.”

त्यांना खोळ प्रदर्शनात ठेवायची आहे. जीव थरात कसा अडकतो आणि थरावरून त्याचा काळ कसा ओळखतात, हे पोरांना यापेक्षा सोपं दाखवता येणार नाही, असं त्या म्हणतात. खालच्या पट्टीवर “काळ : नानासाहेबांचं लग्न” असं लिहिणार आहेत. पट्टी मीच टाइप करणार. गंगेत सोडली तरी (धरणातून पाणी सुटलं तर) ती सिरोंचाकडेच वाहत जाणार, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण मला ती सोडवत नाही. इतकं जवळून मी कधी काही पाहिलं नव्हतं.

तुमचा,
ऋतुराज

ता. क. काल काकूंचा फोन आला होता. “गेलं का रं गंगेत?” तोंडातून “व्हय” निघून गेलं. त्या लगेच पुरणाची डाळ मोजायला उठल्या. हे त्यांना तुम्हीच सांगा. मी सांगू शकत नाही.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की, शनिवारी देवाला फुलं लावून कौल घ्या : खोळ फेब्रुवारीपर्यंत बाहेर राहू द्यायची का? डावा कौल दिला तर पुन्हा लावा. ट्रॅक्टर घेताना तुम्ही तीनदा लावला होता.